पावकमी बादशहाची वाटी

सरलाबाई लग्न होऊन तापीकाठच्या त्या गुजरांच्या घरात आली, आणि पहिल्याच दिवाळीत तिच्यावर एक ठपका बसला. तो पुढे अडतीस वर्षं कोणी पुसला नाही. ठपका असा, की हिचा हात लागला आणि घरातला कुबेर पांढरा पडला.

घर प्रकाशा या तीर्थाच्या गावापासून हाकेच्या अंतरावरच्या गावात. केळी, ऊस, कापूस सगळं पिकवणारं, ट्रॅक्टर दोन, गोठा भरलेला. पण या घराला ताठा होता तो जमिनीचा नव्हे, देव्हाऱ्यातल्या एका वस्तूचा. ती वस्तू म्हणजे जुन्या मोठ्या रुपयाएवढी सोन्याची चकती, कडा सगळीकडून वर उचललेल्या, त्यामुळे उथळ वाटीसारखी दिसणारी. वाटीच्या आत एक दाढीवाला माणूस कोरलेला. डोक्यावर मुकुट, एका हातात गोळा, दुसऱ्या हातात दांड्यासारखं काहीतरी. घरात कोणीतरी कधीतरी ठरवून टाकलं होतं, की हा कुबेर, तो गोळा म्हणजे धनाची थैली आणि तो दांडा म्हणजे गदा. म्हणून ती कुबेराची वाटी. ताम्हनातल्या तांदळावर ती कायम तशीच बसवलेली असे. वाटीच्या खालच्या बाजूला काय आहे, हे पाहायची गरज चार पिढ्यांत कोणाला वाटली नाही.

वाटी आली कुठून? तर गुजरातेतल्या पाटणच्या राजाने मूळपुरुषाला दिली. का दिली? एका वर्षी ऐकावं, तर त्याने राजाचा जीव वाचवला म्हणून. दुसऱ्या वर्षी राजाचा हत्ती आवरला म्हणून. सरलाबाईचा जेठ, म्हणजे थोरला दीर, नरोत्तम ही गोष्ट सांगायचा, आणि समोर बसलेला पाहुणा जितका मोठा, तितका राजा मोठा व्हायचा. बँकेचा मॅनेजर आला की हत्ती दोन व्हायचे.

वाटीला हात लावायचा अधिकार फक्त घरातल्या थोरल्या पुरुषाला. बायकांनी देव्हारा घासायचा, समया घासायच्या, ताम्हन घासायचं, पण वाटी आधी बाजूला काढून ठेवलेली असायची. हे सगळं सरलाबाईला कोणी सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षांची पोर. धनत्रयोदशीच्या सकाळी पूजेच्या भांड्यांचा ढीग तिच्यापुढे ठेवून सासू फराळाच्या मागे लागली. त्या दिवशी सासरा तापाने झोपलेला, त्यामुळे वाटी काढून ठेवायला कोणी आलंच नाही. सरलाने ताम्हन उचललं, तांदळात एक लालपिवळं, चिकट, किटण चढलेलं काहीतरी दिसलं. तिला वाटलं, पितळेची वाटी. घेतला चिंचेचा कोळ आणि घासली चांगली, माहेरी घासायची तशी, मन लावून.

पन्नास-साठ वर्षांची हळद, कुंकू, तूप आणि धुराचा थर निघाला आणि आतून निघालं एक फिकट, पांढुरकं, जवळजवळ चांदीकडे झुकलेलं सोनं.

सासूने पाहिलं आणि जी किंकाळी फोडली, ती म्हणे गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

"काय करं तू हाई! कुबेर पांढरा करी टाका!"

सरलाला आधी कळलंच नाही, आपण काय केलं. कळलं तेव्हा सगळं घर भोवती गोळा झालेलं. नरोत्तम, त्याची बायको, शेजारची गजराबाई, आणि दारात उभा असलेला तिचा नवरा सुकलाल. सुकलालने वाटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तो गोठ्यात निघून गेला. बैलांना चारा तासाभरापूर्वीच टाकून झाला होता.

त्या वर्षी केळीवर करपा आला. तो साऱ्या काठावर आला होता, पण इतरांच्या केळीवर आला तो रोग होता, यांच्या केळीवर आला तो सरलाचा हात होता. म्हैस गाभडली, तेही सरलामुळे. सासऱ्याचा ताप गेला नाही आणि चैत्रात तो वारला, तेही तिच्याच खात्यावर. सासू तोंडावर शिव्या देणारी नव्हती; तिची रीत वेगळी होती. कोणी पाहुणी आली आणि सरला पाणी घेऊन गेली, की सासू हलकेच म्हणायची, "हीच ती." बास. एवढ्या दोन शब्दांत सगळं येऊन जायचं. पाहुणी मग तांब्या घेताना सरलाच्या बोटांकडे बघायची.

सरलाबाईनेही मग एक गोष्ट शिकून घेतली. तोंडावर पदर, पदराआड जीभ. या घरातल्या प्रत्येकाला ती मनातल्या मनात तोलू लागली आणि कोणीच वजनाला उतरत नसे. सासू देवभोळी नव्हे, नुसती भित्री. जेठ मोठा माणूस नव्हे, नुसता मोठ्याने बोलणारा. आणि आपला नवरा? त्याच्याबद्दल ती विचार करायची तेव्हा तिला गोठ्याकडे जाणारी पाठच दिसायची. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उचलणं नाही. पण जिथे एक शब्द बोलायची वेळ आली, तिथे त्याला शेतात मोटार बंद करायची आठवण व्हायची. पोटी एकच मुलगी झाली, मयूरी, तेव्हाही सासू "हीच ती" म्हणाली आणि सुकलाल मोटार बंद करायला गेला.

मयूरीला मात्र सरलाबाईने हट्टाने शिकवलं. घरात नर्सिंगचं नाव काढल्यावर नरोत्तम म्हणाला, लोकांची मुतं काढायला आपल्या घरातली पोर जाणार का? सरलाबाई पदराआडून इतकंच म्हणाली, "घरातली काढतेच आहे मी, बाहेरची ती काढेल." मयूरी शिकली, आणि नवापूर तालुक्यात चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात लागली.

आता नरोत्तमचं. सासू जाऊन सतरा वर्षं झाली होती, वाटी नरोत्तमच्या ताब्यात होती, आणि वय सत्तरीला टेकलं तरी त्याची हौस भागली नव्हती. गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात आलं, की धनत्रयोदशीचा कुबेर एवढ्या-तेवढ्या पाहुण्यांना दाखवण्यात अर्थ नाही. 'कुबेर दर्शन सोहळा' करायचा. मंडप घालायचा, शहादा रस्त्यावर फ्लेक्स लावायचा. फ्लेक्सवर वाटीचा फोटो, तिच्याहून मोठा नरोत्तमचा फोटो, आणि खाली नातवंडांचे गॉगल लावलेले फोटो. त्यासाठी शहाद्याहून फोटोग्राफर बोलावला. आता फोटोग्राफरला काय, त्याने वाटी वरून काढली, बाजूने काढली, उलटी करूनही काढली. सगळे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडले. नरोत्तमने फक्त आपला फोटो मोठा करून पाहिला.

मयूरीने वॉर्डात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते फोटो उघडले. शेजारी फुलीबाई बसली होती. फुलीबाई तिथली जुनी आया, जवळच्याच पाड्यावरची, कोकणी आदिवासी, तिच्या आजोबांपासून ख्रिस्ती. सगळ्या वॉर्डाची ती फुलीमावशी. मयूरीने आपला हसत हसत फोन पुढे केला, "बघा मावशी, आमच्याकडचा कुबेर."

फुलीबाईने पहिला फोटो पाहिला, मान डोलावली. दुसरा पाहिला, वाटी उलटी करून काढलेला, पोटाकडचा. चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"कुबेर म्हणता याला तुम्ही?"

"हो. का?"

"बाई, हा तर आमचा प्रभू आहे. हे बघ, डोक्यामागे गोल, गोलात क्रूस. हातात पुस्तक. आमच्या देवळातल्या तसबिरीत असाच आहे." आणि मग जरा थांबून ती म्हणाली, "त्याला तुम्ही खाली तोंड करून तांदळात बसवता?"

मयूरीने फोन परत घेऊन तो फोटो मोठा केला. चार पिढ्या ज्या वाटीला बायकांचा हात चालत नव्हता, तिच्या पोटावर येशू ख्रिस्त होता, आणि हे ओळखलं ते एका आयाने, जिला मोठ्या काकांनी ओट्यावरही बसू दिलं नसतं.

तिने ते फोटो नाशिकच्या एका निवृत्त प्राध्यापकांना पाठवले. जुन्या नाण्यांचा त्यांचा अभ्यास होता आणि हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरांची त्यांच्याशी ओळख होती. त्यांचं उत्तर आलं ते फोनवर. मयूरी तेव्हा सुट्टीला घरी आली होती. मागच्या परसात आईजवळ बसून तिने फोनचा आवाज मोठा केला.

प्राध्यापक म्हणाले, ही वाटी नाही, नाणं आहे. साडेनऊशे वर्षांपूर्वीचं, बायझंटाईन साम्राज्याचं. राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. ते लोक स्वतःला रोमनच म्हणवत. त्या काळी त्यांची नाणी अशी खोलगट पाडत. पोटावर ख्रिस्त आणि आत बादशहा, मायकेल सातवा. हातातला गोळा म्हणजे पृथ्वी, त्यावर क्रूस. दांडा म्हणजे राजाचं निशाण.

मग ते थांबले आणि म्हणाले, "एक विचारतो. फोटोत रंगाचा अंदाज येत नाही. नाणं पिवळंधमक आहे की पांढुरकं?"

सरलाबाईचे हात मेथी निवडत होते, ते थांबले. परक्या पुरुषाशी फोनवर ती कधी बोलली नव्हती. आता बोलली.

"पांढुरकं," ती म्हणाली. "पण ते माझ्या हातानं झालं म्हणतात. मी चिंचेनं घासलं होतं."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, पण चांगल्या माणसाचा. "अहो बाई, चिंचेनं सोनं पांढरं होत नाही. ते मुळातच तसं आहे. तुम्ही फक्त मळ काढला. सोनं पांढरं केलं ते या बादशहाने."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. या साम्राज्याचं सोन्याचं नाणं सातशे वर्षं शुद्ध होतं, जगातले व्यापारी डोळे मिटून घ्यायचे. मग एकामागून एक बादशहांनी हळूहळू चांदी मिसळायला सुरुवात केली, आणि या मायकेलच्या राज्यात तर ताळच राहिला नाही. सोनं निम्म्याच्या आसपास येऊन ठेपलं. माणूस पुस्तकी. गुरुजींनी वाढवलेला. तिकडे तुर्क एकेक मुलूख घेत चालले होते आणि हा कविता जुळवत बसला होता. कारभार दिला एका मंत्र्याच्या हाती, त्या मंत्र्याने गव्हाचा सगळा व्यापार आपल्या ताब्यात घेतला, धान्य कडाडलं. पूर्वी एका नाण्याला जेवढा गहू मिळायचा, त्यात पाव भाग कमी मिळू लागला. लोकांनी बादशहाचं नावच ठेवलं, पावकमी. इतिहासात तो त्याच नावाने राहिला. सात वर्षांत गादीवरून उतरवलं आणि मठात पाठवलं.

"आणि ते आमच्याकडे कसं आलं?" मयूरीने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," प्राध्यापक म्हणाले. "गुजरातच्या बंदरांतून आलं असेल, नाहीतर शंभर वर्षांपूर्वी कोणी बाजारात विकत घेतलं असेल. जे माहीत नाही ते मी सांगत नाही."

फोन बंद झाल्यावर सरलाबाईने मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "पावकमी." पुन्हा म्हणाली, "पावकमी!" आणि हसायला लागली, ती इतकी की मयूरीला भीती वाटली. ज्याच्यासमोर सासू लोटांगण घालत होती, ज्याच्यावरून हत्ती आवरले जात होते, तो लोकांच्या तोंडचा घास कमी करणारा एक नेभळट राजा! आणि ज्याने सोनं बुडवलं त्याला रोज गंध-फूल, आणि ज्या पोरीने ते स्वच्छ धुतलं तिच्या नावाने अडतीस वर्षं बोटं मोडणं!

मयूरीने प्राध्यापकांकडून सगळं लिहून मागवलं आणि तो कागद मोठ्या काकांच्या हातात दिला. नरोत्तमने चष्मा लावून वाचला. चेहरा उतरला, मग चढला. आधी म्हणाला, हे मिशनवाल्यांचं कारस्थान. मग म्हणाला, गावात कोणाला बोलू नका. आणि धनत्रयोदशीला संध्याकाळी मंडप भरल्यावर माईक हातात घेऊन हाच माणूस म्हणाला,

"मंडळी, आजवर आपण समजत होतो, ही वाटी पाटणच्या राजाची. पण आता मोठ्या विद्वानांनी शोध लावला आहे. ही वाटी साक्षात रोमच्या बादशहाची! रोमच्या बादशहाने आपल्या मूळपुरुषाला सन्मानाने पाठवलेली!"

टाळ्या पडल्या. सरलाबाई बायकांच्या बाजूला बसली होती. ज्या कागदाने आपली सुटका व्हायची, त्यातलं गोड तेवढं या माणसाने खाल्लं होतं आणि उरलेलं फेकून दिलं होतं. ती उठली. तोंडावरचा पदर तसाच होता, पण आवाज मंडपाच्या टोकाला गेला.

"दादा, बाकीनं बी सांगा."

नरोत्तम दचकला. "मयूरीनी माय, तू घरमा जाय."

"जासू. पन पहिले बाकीनं सांगा. त्या बादशहाले लोक काय म्हनेत ते सांगा. सोनामा चांदी कोनी मिसळी ते सांगा. आनि वाटी कोना हातघाई पांढरी व्हयनी, ते बी सांगा."

मंडपात चुळबुळ झाली. म्हातारी गजराबाई, जिला ऐकू कमी येत होतं पण जुनं सगळं आठवत होतं, मोठ्याने म्हणाली, "तुन्हाच हातघाई ना वं! मी व्हतू तठे."

दोन-चार जण हसले. नरोत्तमच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. सरलाबाईने कागद वर धरला, पण माईक नसलेल्या बाईचा कागद कोण वाचणार? तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने, अगदी मागून, खांबाजवळून एक आवाज आला.

"सरलाना हात लागाना पहिलेच तो पांढरा व्हता."

सुकलाल उभा होता. त्याचा आवाज गावातल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकला असेल.

"मी नऊ वरीसना व्हतू," तो म्हणाला. "देव्हारामा कोनी नव्हतं. कर्कटकघाई वरखडा मारा व्हता. आतमधून पांढराच निंघना. अजून शे तो वरखडा, दाढीना खाले. देखी ल्या."

शाळेच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने लहानपणी मारलेला तो ओरखडा. कोणीतरी मोबाईलचा उजेड धरला, आणि दाढीच्या खाली तो खरंच दिसला. मंडपात आता कोणी हसत नव्हतं. गजराबाई शेजारणीला विचारत होती, काय म्हणाला, काय म्हणाला?

नरोत्तम घाईघाईने म्हणाला, चला, आरती घ्या. पण आरतीला सरलाबाई थांबली नाही. लोकांना वाटलं, बाई जिंकली, आता खुलली असेल. ती मात्र घरात जाऊन पिशवी भरत होती. अडतीस वर्षांचा ठपका पुसला गेला होता, हे खरं. पण पुसायचं फडकं नवऱ्याच्या खिशात पहिल्या दिवसापासून होतं, हे तिला आज कळलं होतं. सासू भित्री, जेठ बडबड्या, हे तिला माहीत होतं. त्यांच्यावरचा राग तिने कधीचाच जिरवला होता. पण ज्याला खरं माहीत होतं आणि जो बैलांना दुसऱ्यांदा चारा घालायला गेला होता, त्याचं काय करायचं?

सकाळच्या एसटीने ती मयूरीबरोबर चिंचपाड्याला गेली.

तिथे तिने फुलीबाईला पाहिलं. साडी-चोळी न्यावी असं मनात होतं, पण हातात फक्त घरची केळी होती, ती दिली. फुलीबाईने केळी वॉर्डातल्या पोरांना वाटली आणि चहा पाजला. दोघींचं तसं बोलणं फार झालं नाही. फुलीबाईने विचारलं, "आता तरी सरळ ठेवता का त्याला?" सरलाबाई म्हणाली, "कपाटात आहे, कुलपात. जेठ आता कोणाला दाखवत नाही." फुलीबाई म्हणाली, "बरं आहे," आणि बादली उचलून कामाला लागली.

आठव्या दिवशी सुकलाल आला. नवा सदरा, हातात काही नाही. मयूरीच्या खोलीच्या पायरीवर बसला. सरलाबाई आतून दारात आली.

"तुमले माहीत व्हतं," ती म्हणाली.

"हा."

"आनि तुम्ही गप ऱ्हायनात."

"मायना म्होरे काय बोलू?"

"माय जाईसन सतरा वरीसं व्हयनात."

त्यावर सुकलालने पायरीवरची माती बोटाने झाडली. मग म्हणाला, "मंग दादा व्हता."

हे उत्तर ऐकून तिला रडू यावं की हसू, कळेना. म्हणजे दादा मरेपर्यंत थांबला असता हा! तिने त्याला जेवायला वाढलं, कारण दुपार झाली होती आणि माणूस दोन एसट्या बदलून आला होता. जेवण झाल्यावर म्हणाली, "तुम्ही जा. माले यवानं तवय मी येसू."

तो गेला. ती महिन्याने आली. कोणी बोलावलं म्हणून नव्हे. ते घर तिचंही होतं, आणि ते पावकमी लोकांच्या हाती सोडून देण्याइतकी ती उदार नव्हती. आता जेठासमोर ती तोंडावर पदर घेत नाही. नरोत्तमने एकदा खाकरून सुचवून पाहिलं, तेव्हा तिने त्याच्या तोंडाकडे असं पाहिलं, की तो पुन्हा खाकरला नाही.

आणि सुकलाल? तो बोलू लागला आहे, हीच नवी पीडा. कोणी पाहुणा आला, खताच्या दुकानात चार माणसं भेटली, की हा सुरू होतो: मी नऊ वर्षांचा होतो, देव्हाऱ्यात कोणी नव्हतं, मी कर्कटक घेतलं. गोष्ट दर वेळी थोडी वाढते. परवा तर त्यात आईने पकडलं आणि याने तोंडावर सांगितलं, असंही आलं. सरलाबाई चहा घेऊन बाहेर येते, कप पाहुण्यासमोर जरा जोरातच ठेवते आणि म्हणते, "यासले मोटार बंद करानी शे. जाऊ द्या यासले."

सुकलाल उठतो आणि मोटार बंद करायला जातो.